बाळापूरहून म्हाताऱ्या ताऱ्यांकडे

'एलिट डेंजरस' या अंतराळ-खेळात खेळाडू टोळ्या करून आकाशगंगेत दूरवरचे प्राचीन तारे शोधायला निघतात. आखाडा बाळापूरच्या मुलांना हीच मोहीम खऱ्या आभाळात काढता येईल. लक्ष्य ठेवावे ओमेगा सेंटॉरी, नरतुरंग तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ. आपला सूर्य सुमारे 460 कोटी वर्षांचा, तर यातले बहुतेक तारे सुमारे 1,200 कोटी वर्षांचे. ते जन्मले तेव्हा विश्वात लोहासारखी जड मूलद्रव्ये फार थोडी होती. वर्णपटातली ही कमतरताच त्यांचे वय सुचवते. अंतर सुमारे 17,000 प्रकाशवर्षे.

मेच्या मध्याची, अमावास्येजवळची रात्र निवडा. सव्वादहाच्या सुमारास चित्रा नक्षत्राचा ठळक तारा बरोबर दक्षिणेला येतो. हात लांब करून त्याच्याखाली साडेतीन मुठी सरळ उतरा, तिथेच हा गुच्छ. साध्या डोळ्यांना अंधुक ठिपका, द्विनेत्रीतून कापसाच्या बोळ्यासारखा. क्षितिजापासून उंची जेमतेम 23 अंश, म्हणून दक्षिणेला झाडे वा दिवे नसलेले शेत आधीच दिवसाउजेडी पाहून ठेवा.

कामे वाटून घ्या: एकाकडे नकाशा, एकाकडे द्विनेत्री, एकाकडे वही. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. मोबाइल मात्र खिशातच राहू द्या; डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका झगझगाटात सगळे वाया जाते. उन्हाळी रात्री रानात विंचू-साप असतात, तेव्हा बूट घाला आणि सोबत एक जाणते माणूस न्याच.