यकृताच्या कर्करोगपेशींतील शर्करा-चयापचय आणि नॉन-कोडिंग आरएनए

निरोगी यकृत हे शरीरातील साखरेचे कोठार होय. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते आणि उपवासाच्या काळात मेंदू व तांबड्या रक्तपेशींना ग्लुकोज पुरविते. यकृताच्या कर्करोगात मात्र हा दाताच घेता बनतो. प्राणवायू उपलब्ध असूनही कर्करोगपेशी बरेचसे ग्लुकोज लॅक्टेटपर्यंतच विघटित करतात, ही बाब जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिली. या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे अवघे २ रेणू मिळतात, तर तंतुकणिकांतील पूर्ण ज्वलनातून सुमारे ३० ते ३२. वरकरणी तोट्याचा असा हा व्यवहार पेशी पत्करते, कारण नव्या पेशींच्या घडणीसाठी लागणारा कच्चा माल याच मार्गाच्या मधल्या टप्प्यांतून उपलब्ध होतो.

यकृतपेशीचा हा मूळ स्वभाव बदलतो कसा? जनुकांतील उत्परिवर्तने हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण ज्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही अशा, म्हणजेच नॉन-कोडिंग आरएनएंमध्ये सापडते. त्यांतील मायक्रोआरएनए जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचे असतात. ते संदेशवाहक आरएनएशी जुळून प्रथिननिर्मिती रोखतात. त्यांच्या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

यकृतापुरते पाहता मायक्रोआरएनए-१२२ चे स्थान असाधारण आहे. प्रौढ यकृतातील एकूण मायक्रोआरएनएंपैकी सुमारे ७० टक्के वाटा या एकट्याचा असतो. अल्डोलेज-ए आणि पायरुव्हेट कायनेज-एम२ ही शर्करा-विघटनातील दोन विकरे त्याच्या नियंत्रणाखाली येतात. प्रौढ यकृतपेशीत या विकरांची वेगळी, यकृताची म्हणून ओळखली जाणारी रूपे कार्यरत असतात. यकृताच्या अनेक कर्करोगांत मायक्रोआरएनए-१२२ चे प्रमाण घटते आणि दबलेली रूपे डोके वर काढतात. हे केवळ सहचर लक्षण नव्हे. ज्या उंदरांतून हे जनुक काढून टाकण्यात आले, त्यांच्या यकृतात प्रथम मेद साचला, दाह झाला व पुढे गाठी उद्भवल्या, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

याउलट हल्क नावाचा दीर्घ नॉन-कोडिंग आरएनए कर्करोगात वाढतो. २००७ मध्ये त्याची नोंद झाली, तेव्हा तो केवळ एक खूण मानला जाई. २०२० मध्ये मात्र तो लॅक्टेट डिहायड्रोजनेज-ए व पायरुव्हेट कायनेज-एम२ या विकरांनाच थेट चिकटून त्यांचे फॉस्फोरिलीकरण वाढवितो, असे आढळले. संदेशाला हात न लावता विकराचीच गती वाढविणारी ही रीत अधिक लक्षवेधी म्हटली पाहिजे.

या क्षेत्रातील निष्कर्ष वाचताना एक सावधगिरी आवश्यक ठरते. बरेचसे प्रयोग हेपजी-२ या पेशीमालिकेवर झालेले आहेत. ही मालिका पुष्कळ लेखांत प्रौढांच्या यकृतकर्करोगाची म्हणून वावरते. वस्तुतः ती हेपॅटोब्लास्टोमा या बालवयातील गाठीची आहे. शिवाय तिच्यात मायक्रोआरएनए-१२२ जवळजवळ नसते, तर एचयूएच-७ मालिकेत ते भरपूर असते. पेशी वाढविण्याच्या प्रचलित माध्यमात ग्लुकोजही अनेकदा २५ मिलिमोल प्रतिलिटर, म्हणजे निरोगी रक्तातील पातळीच्या सुमारे पाचपट असते. साखरेत बुडालेल्या पेशीची साखरेची ओढ मोजताना हे विसरून चालत नाही.

उपचाराची वाटही सरळ नाही. मायक्रोआरएनए-३४ए ची प्रतिकृती असलेल्या एमआरएक्स-३४ या औषधाची यकृतकर्करोगासह अन्य कर्करोगांच्या रुग्णांवरील चाचणी गंभीर प्रतिकारशक्तीजन्य दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. मायक्रोआरएनए-१२२ बाबत अडचण निराळीच आहे. यकृतकर्करोगाचे एक प्रमुख कारण असलेल्या हेपॅटायटिस-सी विषाणूला स्वतःच्या वाढीसाठी नेमके हेच मायक्रोआरएनए लागते. त्यामुळे विषाणूविरुद्ध त्याला अडविणारे मिराव्हिरसेन हे औषध मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले होते, आणि कर्करोगाविरुद्ध मात्र तेच रेणू पेशीला परत देण्याचा विचार मांडला जातो.