डिझेलचा फरक कोणाच्या पदरात?

इंदापूर, भिगवण आणि बारामतीची औद्योगिक वसाहत या पट्ट्यातून साखर, कागद, डाळिंबे, केळी आणि यंत्रांचे सुटे भाग ट्रकने बाहेर जातात, आणि या गाड्यांपैकी अनेकींचा मालकच स्वतः चालकही असतो. त्याचे भाडे खेपेपूर्वी ठरते, ॲडव्हान्स घेऊन तो निघतो आणि उरलेली रक्कम पोहोच पावती जमा केल्यावर, पुष्कळदा काही आठवड्यांनी, हाती येते. डिझेलचे पैसे मात्र पंपावर त्याच क्षणी मोजावे लागतात. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि 16 जून 2017 पासून ते रोज बदलण्याची पद्धत देशभर लागू झाली, त्यामुळे करार झाल्यानंतर दर चढल्यास तो बोजा कोणी सोसायचा, हा प्रश्न अधिक टोकदार बनला. या प्रश्नाचे उत्तर करारातच लिहून ठेवण्याच्या तरतुदीला इंधन अधिभार म्हणतात. बोलण्यात तो ‘डिझेलचा फरक’ असतो.

त्याचे गणित सोपे आहे. करारात एक मूळ दर धरला जातो, चालू दरातून तो वजा केला जातो, आणि उरलेल्या फरकाला गाडीच्या ॲव्हरेजने, म्हणजे एका लिटरमध्ये ती जितके किलोमीटर धावते त्या आकड्याने, भागले की दर किलोमीटरचा अधिभार निघतो. मूळ दर 90 रुपये, चालू दर 95 रुपये आणि भरल्या गाडीचे ॲव्हरेज 4 किलोमीटर धरले, तर अधिभार किलोमीटरला सव्वा रुपया होतो, आणि 270 किलोमीटरच्या खेपेला 337 रुपये 50 पैसे. परंतु परतीचे भाडे न मिळाल्यास गाडी रिकामी येते, रिकाम्या गाडीचे ॲव्हरेज 5 धरले तरी आणखी 54 लिटर डिझेल जळते, आणि त्यावरचे वाढीव 270 रुपये कोणाच्याच हिशेबात नसतात. इंदापूरजवळच्या सरडेवाडी टोलनाक्यावरचा टोल परतीलाही लागतो, तो वेगळाच. म्हणून करारात ‘अधिभार मिळेल’ एवढेच लिहिलेले असणे पुरेसे नाही. मूळ दर कोणत्या तारखेचा व कोणत्या गावच्या पंपाचा, ॲव्हरेज किती आणि रिकामी परती मोजली आहे की नाही, यावर त्याची खरी किंमत ठरते.

त्याहून गंभीर अडचण मधल्या साखळीत आहे. अधिभाराचे कलम बहुधा कारखानदार कंपनी आणि मोठी वाहतूक कंपनी यांच्यातील वार्षिक करारात असते. वाहतूक कंपनी गाड्या कमी पडल्या की कमिशन एजंटामार्फत बाजारातून गाडी लावते, आणि त्या गाडीला त्या दिवसाचा भाव मिळतो, कलम नव्हे. परिणामी फरक वसूल करणारा एक आणि डिझेल भरणारा दुसरा, अशी स्थिती निर्माण होऊ शकते, आणि ती अन्यायकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 67 नुसार मालवाहू वाहनांच्या भाड्याची किमान व कमाल मर्यादा ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. तरीही ट्रकचे भाडे व्यवहारात बाजारावरच सोडलेले आहे. एसटीचे तिकीट मात्र हकीम समितीच्या सूत्रानुसार, इंधन, टायर आणि महागाई भत्ता यांसारख्या घटकांतील बदल धरून वाढवता येते. जानेवारी 2025 मध्ये ते 14.95 टक्क्यांनी वाढले. जुलै 2018 च्या देशव्यापी संपात वाहतूकदारांनी डिझेलचे दर तीन महिन्यांतून एकदाच बदलावेत अशी मागणी केली होती, ती रोज बदलणाऱ्या दरांच्या याच अनिश्चिततेपोटी.

अधिभार दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे, हेही तितकेच खरे आहे: 22 मे 2022 पासून केंद्राने डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे 6 रुपयांनी घटवले, तेव्हा नियमाप्रमाणे भाडेही उतरायला हवे होते.

उसाच्या बाबतीत हा प्रश्न वेगळे वळण घेतो. बिजवडी किंवा भवानीनगरच्या कारखान्याला जाणाऱ्या उसाचे वाहतूक दर अंतराच्या टप्प्यांनुसार टनाला ठरतात, आणि महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, म्हणजे एफआरपीतून, वजा होतो. त्यामुळे वाहतूकदाराला मिळणारा डिझेलचा फरक अखेर ऊस उत्पादकाच्याच बिलातून जातो. आणि ज्या घरात ऊसही आहे आणि कर्जावर घेतलेली गाडीही आहे, तेथे एकाच कुटुंबाच्या दोन हिशेबांत तो एकीकडे जमा आणि दुसरीकडे खर्च म्हणून मांडावा लागतो.