देवळाबाहेरचा धर्म : विनोबांच्या निमित्ताने

देवावर विश्वास आहे पण देवळात जावेसे वाटत नाही, धर्म हवा आहे पण धर्मसंस्था नको, असे सांगणारे सुशिक्षित गृहस्थ आज कोणत्याही शहरात भेटतात. इंदूरच्या मराठी घरांतूनही हा सूर आता नवा राहिलेला नाही. कुळाचार आजीबरोबर गेले. गुरुजी वर्षातून एकदा येतात, आणि त्यांनी सांगितलेले सारे निमूटपणे उरकले जाते. मुलाने ‘हे कशासाठी?’ असे विचारलेच तर त्याला उत्तर देण्याची तयारी कोणाचीच नसते. या गृहस्थांस आम्ही दोष देत नाही. अर्थ न कळणारे कर्म सोडून देणे हा अप्रामाणिकपणा नव्हे. परंतु सोडल्यावर जी जागा रिकामी झाली तिच्यात त्यांनी काय ठेवले, हे मात्र विचारावेसे वाटते.

प्रचलित धर्मसंस्थेच्या बाहेर उभे राहण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८६७ साली मुंबईस प्रार्थनासमाज निघाला; जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. पण हे दोन्ही प्रयत्न समाजासाठी होते. जुन्या मंडळीऐवजी नवी मंडळी उभी करावी असा त्यांचा रोख होता. एकट्या माणसाने आपल्यापुरता धर्म कसा घडवावा, याचे उदाहरण शोधू लागलो की आमची दृष्टी विनोबा भावे यांच्याकडे वळते. विनोबांना पुष्कळांनी भूदानाच्या हिशेबात बसवून टाकले आहे. त्यांच्या आयुष्याची ही दुसरी बाजू शिक्षकांनी अधिक पाहावयास हवी.

आरंभ आईपासून होतो. रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यावयाची होती, पण संस्कृत येत नव्हते. मुलाने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही त्यांना अवघड वाटली. तेव्हा, तूच सोपी गीता का करीत नाहीस, असे त्या माउलीने मुलाला सांगितले. १९१८ साली त्या वारल्या. ‘गीताई’ लिहून झाली ती १९३०-३१ मध्ये, आणि १९३२ साली छापून निघाली. आईने ती पाहिली नाही. पुढे तिच्या लाखो प्रती घरोघर गेल्या. आमच्या मते या हकिकतीतील खरी गोष्ट मुलाची विद्वत्ता ही नसून आईची मागणी ही आहे. मधल्या माणसाने अर्थ सांगावा आणि आपण मान डोलवावी, हे तिला पुरेसे वाटले नाही. धर्म आपल्या भाषेत आपल्याला कळला पाहिजे, एवढेच तिचे म्हणणे. आणि ही बाई कोणी बंडखोर नव्हती, नित्य देवपूजा करणारी होती.

त्याच आईच्या मृत्यूच्या वेळी मुलाची परीक्षा झाली. अंत्यसंस्कार भटजींच्या हातून होऊ नयेत, ते आपण स्वतः करावेत, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांना तो मानवला नाही. तेव्हा विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. त्यांनी घरी स्नान केले आणि त्या दिवसापासून वेदाध्ययनाला आरंभ केला. हा प्रसंग वाचताना आम्हांस प्रथम काहीसा कठोरपणाच जाणवला होता. वादासाठी आईची शेवटची सोबत सोडावी काय? आजही या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तयार नाही. मात्र एक लक्षात येते : विधी नाकारून विनोबा मोकळे झाले नाहीत. त्यांनी विधीपेक्षा कितीतरी अवघड असे व्रत अंगावर घेतले आणि ते वर्षानुवर्षे चालविले. पुढे १९४७ साली धुळ्यास वडील वारले, तेव्हा त्यांच्या अस्थी नदीत न सोडता जमिनीत पुरल्या आणि वर तुळस लावली. तोवर विरोधाचा आवेश ओसरला होता. नवा आचार जुन्याइतकाच शांतपणे पार पडला.

देवळांविषयी त्यांच्या मनात वैर नव्हते, अट होती. बरोबरच्या माणसांना मज्जाव असेल तर आपणही आत जावयाचे नाही. १९५३ साली बिहारात देवघर येथे हरिजनांसह दर्शनास गेले असता पंड्यांनी त्यांस मारहाण केली. १९५८ साली पंढरपुरास मात्र अन्य धर्मीयांसह विठ्ठलाचे दर्शन घडले. त्याच मंदिराचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले होते, आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने लिहून घेणारेही साने गुरुजीच.

१९६० साली विनोबा इंदुरास आले. गावोगाव एकेक दिवसाचा मुक्काम करणारा हा पदयात्री येथे जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर राहिला. शहर स्वच्छ करा, भिंतींवरील अशोभनीय चित्रे उतरवा, असे तो सांगत फिरला. येथील आश्रमाला त्यांनी ‘विसर्जन’ हे नाव दिले. एखादी संस्था काढावयाची आणि तिला विसर्जन म्हणावयाचे, यात गंमत आहे. पण ते नाव त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. १९५६ साली त्यांनी भूदानाच्या समित्याच विसर्जित केल्या होत्या. परदेशात १९२९ साली जे. कृष्णमूर्तींनी स्वतःभोवती उभारलेला संघ असाच मोडला होता. भूदानात वावरलेल्या आणि पुढे कृष्णमूर्तींच्या विचाराने स्वतंत्र वाटेला लागलेल्या विमलाताई ठकार यांच्या ठिकाणी हे दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात.

विनोबांच्या त्या काळच्या कार्यक्रमांपैकी आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते सर्वोदय-पात्र. घरात एक भांडे ठेवावयाचे आणि त्यात रोज एक मूठ धान्य टाकावयाचे. मूठ घरातल्या लहान मुलाची. मंत्र नाही, मुहूर्त नाही, पुरोहित नाही. परंतु नेम आहे, आणि दुसऱ्याची आठवण आहे. कोणतीही पोथी न उघडता चार वर्षांच्या मुलाला कळेल असा हा आचार आहे.

या मार्गात धोके नाहीत असे नव्हे. संस्थेला बंधने असतात तसे पहारेकरीही असतात. एकट्याच्या अंतःकरणाला टोकणारे कोण? विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन घेतले. मध्येच आणीबाणी आली. त्या वेळी त्यांनी लिहून दिलेल्या ‘अनुशासन-पर्व’ या शब्दांचा सरकारने मनसोक्त उपयोग केला, आणि त्यांचे कित्येक जुने सहकारी दुखावले. त्यांच्या मनात काय अर्थ होता याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आमचे म्हणणे इतकेच की, रस्त्यावर माणसे पकडली जात असता एकांतातील शब्दाला जो अर्थ चिकटतो त्याचीही जबाबदारी साधकाकडे येते. आपल्यापुरता धर्म घडविणाऱ्याने निदान दोन-चार परखड मित्र जवळ ठेवावेत.

वर्ध्यास १९८० साली झालेल्या गीताई मंदिराला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. शिळांवर कोरलेले श्लोक तेवढे आहेत. म्हणजे अखेर उरले ते शब्द. येथे आम्हां इंदूरकरांची खरी अडचण सुरू होते. आमच्या परिचयाच्या एका घरी आजी रोज सकाळी गीताई वाचतात. नातू सातवीत आहे. हिंदीमुळे देवनागरी त्याला उत्तम येते. आजीच्या पुस्तकातील ओळी तो न अडखळता वाचून दाखवितो. अर्थ विचारला की गप्प. संस्कृत गीतेपुढे रुक्मिणीबाई ज्या जागी उभ्या होत्या, त्याच जागी मराठी गीताईपुढे हा मुलगा उभा आहे. देवळाचा, पुरोहिताचा आधार त्या घराने पूर्वीच सोडला आहे. आता शब्दही सुटले तर त्याच्या हाती काय राहील, ही आजींची काळजी आहे. याहून सोपे काही आहे का, असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही म्हणालो, नसावे, तुम्हीच सांगा. तेव्हापासून त्या रोज एक श्लोक अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत समजावून देतात, आणि मुलगा तो आपल्या शब्दांत वहीत लिहितो. मागील आठवड्यात त्याने ती वही शुद्धलेखन तपासून देण्यासाठी आमच्याकडे आणली होती. दुसरा अध्याय चालू आहे.