जुगार एकाचा, शिक्षा दुसऱ्याला!

जुगार वाईट, याबद्दल कष्टकऱ्याच्या घरात दुमत नाही. ज्या घरातला पगार आकड्यावर गेला, त्या घरातल्या बाईला हे कुणी शिकवावे लागत नाही. पण जुगार वाईट आहे एवढे म्हटले की प्रश्न संपतो काय? जुगार पकडला गेल्यावर शिक्षा कुणाला होते, किती होते, आणि ती देताना माणसाचे म्हणणे कुणी ऐकून घेते काय, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. ते उत्तर आपल्या घराघरांत वाचले जावे असे आहे.

अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल आणि फूटबॉल म्हणजे मोठा धंदा आहे. हजारो लोक तिकीट काढून सामने पाहतात, दूरदर्शन कंपन्या कोट्यवधी डॉलर मोजतात. गरीब वस्तीतल्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते ती खेळाच्या जोरावर. पण कित्येक वर्षे या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसा घ्यायची मनाई होती. कॉलेज श्रीमंत, प्रशिक्षक श्रीमंत आणि खेळाडूच्या खिशात मात्र बसभाडे नाही. अशा मुलाच्या शेजारी एक दिवस बुकी येऊन बसतो.

बुकीचा सौदा

हा सौदा कसा होतो ते समजून घेतले पाहिजे. सट्टेबाजारात भाव निघतो की अमुक संघ दहा गुणांनी जिंकेल. बुकी खेळाडूला म्हणतो, "तू हरू नकोस. जिंक, पण सहाच गुणांनी जिंक." मुलाला वाटते, आपण संघाला हरवत नाही, मग पाप कसले? पण त्याने चुकवलेल्या दोन बास्केटवर कुणीतरी हजारो डॉलर उचलतो आणि मुलाच्या हातावर थोड्याशा नोटा पडतात.

१९५१ साली हा प्रकार न्यूयॉर्कमध्ये उघडकीस आला. सात कॉलेजांचे ३२ खेळाडू त्यात सापडले. सर्वांत मोठा धक्का सिटी कॉलेजचा होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून फारसे दूर नसलेले, हार्लेममधले हे कॉलेज. तिथे फी नव्हती. कामगारांची मुले तिथे शिकत. ज्यू आणि कृष्णवर्णीय मुलांच्या या संघाने १९५० साली देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच मोसमात जिंकल्या होत्या. त्याच मुलांच्या हातात वर्षभरात बेड्या पडल्या.

या मुलांनी पैसे घेतले होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यांना पैसे पुरवणारा जवाहिऱ्या सट्टेबाजही तुरुंगात गेला. पण खेळाडूंच्या शिक्षा शेजारी शेजारी ठेवून पाहा. लाँग आयलंड विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू शर्मन व्हाईट हा त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. त्याला वर्षाची कैद झाली आणि रायकर्स आयलंडच्या तुरुंगात त्याने आठ महिन्यांहून अधिक काळ काढला. केंटकी विद्यापीठाच्या तीन गोऱ्या खेळाडूंनीही पैसे घेतले होते. न्यायाधीशही तेच, सॉल स्ट्राइट. त्या तिघांची शिक्षा मात्र स्थगित झाली आणि ते देखरेखीवर घरी गेले. व्यावसायिक बास्केटबॉलचे दार त्यांनाही बंद झाले, हे खरे. पण तुरुंगाची भिंत त्यांनी पाहिली नाही.

न्यायाधीशांनी आपल्या निकालात केंटकी विद्यापीठ आणि त्याचे प्रशिक्षक अॅडॉल्फ रप यांच्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे काय झाले? विद्यापीठाचा संघ १९५२-५३ च्या मोसमात खेळला नाही. पुढच्या वर्षी परत आला आणि एकही सामना हरला नाही. रप १९७२ पर्यंत त्याच खुर्चीवर राहिले.

ज्याने काहीच केले नाही त्याची गोष्ट

आता कॉनी हॉकिन्सची हकीकत ऐका. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली बेडफर्ड-स्टायवेसंट ही काळ्या गरिबांची वस्ती. वडील घर सोडून गेलेले, आईची दृष्टी जात चाललेली. मुलगा उंच, हात लांब, चेंडूवर विलक्षण हुकूमत. शाळेने त्याला भरपूर खेळवले, पण नीट वाचायला शिकवले नाही. १९६० साली आयोवा विद्यापीठाने त्याला घेतले.

१९६१ च्या वसंतात पुन्हा सट्ट्याचे प्रकरण फुटले. सूत्रधार होता जॅक मोलिनास. हा कोलंबियाचाच माजी खेळाडू, पुढे वकील झालेला. व्यावसायिक लीगमध्ये स्वतःच्याच संघावर पैजा लावल्याबद्दल १९५४ साली त्याला हाकलले होते. या माणसाने कॉनीला कधीतरी २०० डॉलर उसने दिले होते. ते पैसे प्रकरण बाहेर येण्याआधीच परत केलेले होते.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्या अठरा वर्षांच्या मुलाला आयोवाहून आणले आणि सुमारे दोन आठवडे हॉटेलात ठेवून चौकशी केली. सोबत वकील नाही. घरचे माणूस नाही. कबूल केलेस तर सुटशील, असे त्याला वाटायला लावले. घाबरलेल्या मुलाने त्यांना हवे ते बोलून टाकले.

त्याला अटक झाली नाही. त्याच्यावर आरोपपत्र नाही, खटला नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो पहिल्या वर्षाला होता, आणि तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या मुलाला कॉलेजच्या मुख्य संघातून खेळताच येत नसे. जो सामना खेळलाच नाही, तो त्याने विकला कसा? हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. विद्यापीठाने त्याला काढले. दुसऱ्या कॉलेजांनी दार लावले. व्यावसायिक लीग एनबीएनेही त्याला घेतले नाही.

याच काळातले दुसरे उदाहरण पाहा. पॉल हॉर्नंग आणि अॅलेक्स कॅरास हे व्यावसायिक फूटबॉलमधले नामांकित गोरे खेळाडू. त्यांनी सामन्यांवर पैजा लावल्या होत्या आणि तसे कबूलही केले. १९६३ च्या मोसमापुरते त्यांना बाहेर ठेवले गेले. १९६४ साली दोघेही मैदानावर परत. लीग वेगळी, खेळ वेगळा, हे मान्य. पण पैज लावणाऱ्याला एक मोसम आणि न लावणाऱ्याला आठ वर्षे, हा कुठला हिशेब?

ब्रुकलिनचाच रॉजर ब्राउन याचीही तीच गत झाली. त्यालाही मोलिनासशी ओळख भोवली. डेटन विद्यापीठातून बाहेर पडून तो कारखान्यात काम करू लागला आणि फावल्या वेळात हौशी संघातून खेळत राहिला. केवळ काळ्यांनाच हे भोगावे लागले असे नाही. डग मो या गोऱ्या खेळाडूने ७५ डॉलर घेतले, पण सामना विकायला साफ नकार दिला. त्यालाही एनबीएने दार बंद केले. म्हणजे रंगाबरोबर आणखी एक गोष्ट बघितली जात होती. तुमच्या मागे कोण उभे आहे?

कॉनीच्या मागे उभे राहिले पिट्सबर्गचे एक वकील दांपत्य, डेव्हिड आणि रोझलिन लिटमन. त्यांनी १९६६ साली एनबीएवर ६० लाख डॉलरचा दावा लावला. १९६९ साली एका पत्रकाराने सगळे पुरावे तपासून त्याची निर्दोष बाजू देशापुढे मांडली. त्याच वर्षी लीगने तडजोड केली, सुमारे १३ लाख डॉलर मान्य केले आणि कॉनी सत्ताविसाव्या वर्षी फिनिक्स संघातून एनबीएत उतरला. पहिल्याच मोसमात तो देशातल्या पहिल्या पाचांत निवडला गेला. १९९२ साली बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले. २०१७ साली तो गेला. रॉजर ब्राउनचे नाव तिथे लागले २०१३ साली. तो १९९७ मध्येच वारला होता.

पैसे मिळाले, मान मिळाला. पण एकोणिसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंतचे पाय आणि गुडघे कुठल्या कोर्टाने परत द्यावेत?

आजचे चित्र

हे सगळे जुने झाले असे समजू नका. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला बंदी घालणारा १९९२ चा कायदा रद्द केला. एकेका राज्याने सट्टा कायदेशीर केला. बुकी आता गल्लीच्या कोपऱ्यावर उभा नाही. तो मोबाइलमध्ये आहे. काही विद्यापीठांनीच सट्टा कंपन्यांशी करार केले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या करारात तर विद्यापीठामार्फत नवा गिऱ्हाईक येऊन पैज लावील, त्या प्रत्येकामागे ३० डॉलर विद्यापीठाला मिळायचे होते. टीका झाल्यावर २०२३ साली तो करार संपला. विद्यार्थ्याने पैज लावली तर गुन्हा, आणि विद्यापीठाने दलाली घेतली तर करार!

त्याच २०२३ साली आयोवा राज्यात दोन विद्यापीठांचे कितीतरी खेळाडू सट्ट्याच्या चौकशीत अडकले. काहींचे वय २१ च्या आत होते, काहींवर घरच्या माणसाच्या नावावरील खात्यातून पैजा लावल्याचा आरोप होता. अनेकांनी गुन्हा कबूल करून ६४५ डॉलर दंड भरला आणि शिवाय सामन्यांना मुकले. चौघे लढत राहिले. त्यांच्या वकिलांनी दाखवले की राज्याच्या तपास अधिकाऱ्यांनी वॉरंट न घेता वसतिगृहांच्या आणि क्रीडा-इमारतींच्या भोवती संगणकी कुंपण टाकून मुलांचे मोबाइल टिपले होते. मार्च २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी या चौघांवरील खटले मागे घेतले. ज्यांनी आधीच कबुली दिली, त्यांचा दंड मात्र भरून झाला होता.

शिवाय, पाळत ठेवली कुठे? खेळाडूंच्या इमारतींवर. त्याच वयाची, तोच मोबाइल वापरणारी इतर मुले शहरभर होती.

कॉलेज क्रीडासंघटना एनसीएएने जून २०२३ मध्ये शिक्षेचे दर ठरवले. २०० डॉलरपर्यंतच्या पैजेला समज, त्यापुढे रकमेप्रमाणे मोसमाचा दहा, वीस, तीस टक्के भाग बंदी. स्वतःच्या सामन्यावर पैज लावणाऱ्याला कायमची बंदीही होऊ शकते. दर लिहून ठेवले हे चांगलेच झाले. पण आपल्याच कॉलेजच्या दुसऱ्या संघावर पैज लावल्यास वर्षाची बंदी हा नियम नोव्हेंबर २०२३ मध्ये सैल करावा लागला. तोवर काहींचा मोसम बुडाला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यावसायिक खेळांवर पैज लावायला खेळाडूंना मुभा द्यायचे ठरले आणि नोव्हेंबरमध्ये सभासद कॉलेजांनीच ते फिरवले. नियम करणारे चुकू शकतात, बदलू शकतात. मुलाला मात्र तारुण्याचा तो मोसम पुन्हा मिळत नाही.

आपण काय घ्यावे?

सामना विकणे हा सहकाऱ्यांचा आणि प्रेक्षकांचा विश्वासघात आहे. त्याला शिक्षा हवीच. पण ती न्याय्य ठरायची तर काही गोष्टी आधी व्हायला हव्यात. आरोप लेखी हवा. पुरावा दाखवायला हवा. आरोपीसोबत त्याची बाजू मांडणारे माणूस हवे. सारख्या दोषाला सारखीच शिक्षा हवी. आणि ज्याने सौद्यातून सर्वांत जास्त कमावले, त्याला सर्वांत आधी जाब विचारायला हवा.

आपली मुले आज वसतिगृहात राहतात, शिष्यवृत्तीवर शिकतात, जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर खेळतात. त्यांना जुगारापासून दूर ठेवा, हे तर सांगाच. सट्टा म्हणून कुणी उसने पैसे, बूट किंवा मोबाइल देऊ केला तर तो घेऊ नका, हेही सांगा. आणि त्याचबरोबर एवढे शिकवा की, कधी साहेबांनी आत बोलावले, कागद पुढे सरकवला आणि "सही कर, सुटशील" म्हटले, तर घाईने सही करायची नाही. "मला हे वाचू द्या, माझ्या घरच्यांना बोलावू द्या," असे नम्रपणे पण ठामपणे म्हणायचे. हे वाक्य १९६१ साली त्या अठरा वर्षांच्या मुलाला कुणी शिकवले असते, तर त्याची आठ वर्षे वाचली असती.