एक्स्प्लेनर : लग्नाची जुनी सीडी चालत नाही? फेकण्याआधी हे वाचा

अकोला-अमरावतीतील अनेक घरांच्या कपाटात लग्नाच्या व्हीसीडी आणि प्रबंधाच्या फ्लॉपी अजून पडून आहेत. प्लेअर भंगारात गेले, नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. पण त्या डिस्कमध्ये आज हयात नसलेल्या आजीचा आवाज असेल, तर तो दुसरीकडे कुठे मिळणार? अशा फाइल अनेकदा परत मिळवता येतात. पहिला नियम एकच : आधी कॉपी, मग बाकी सगळे.

सीडी खराब का होते?

दुकानात ‘राइट’ करून दिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. लेझरने त्यावर खुणा करून माहिती साठवतात. ऊन आणि उष्णतेने हा थर बिघडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याखालच्या डिस्कला फटका बसणारच.

सीडीची नाजूक बाजू चकचकीत नसून नाव लिहिलेली असते. माहितीचा थर तिच्या लगेच खाली असतो. चकचकीत बाजूचा हलका ओरखडा बऱ्याचदा चालून जातो. वरचा पापुद्रा निघाला, तर तेवढी माहिती कायमची गेली.

घरी काय कराल?

● मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. टूथपेस्ट लावू नका.
● तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका. वेगाने फिरताना ती फुटू शकते.
● यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह वापरा. एकावर वाचली नाही, तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर लावून पाहा.
● व्हीसीडीतील ‘डीएटी’ फाइल कॉपी करा. ती व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते.
● कॉपी मध्येच अडकते? ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर आधी चांगला भाग उतरवते, मग खराब भागाकडे वळते.
● कॅमेऱ्यातली डीव्हीडी रिकामी दिसते? ती ‘फायनलाइज’ केलेली नसेल. ‘आयसोबस्टर’ने तपासा.

फ्लॉपीचे काय?

सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणे थांबवले. जपान सरकारच्या नियमांतून मात्र ती २०२४ मध्ये हद्दपार झाली. साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी आजही यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर वाचता येते.

धातूची झडप सरकवून आत पाहा. पांढरे डाग म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हचे हेडही खराब करते, ती जाणकाराकडेच द्या. चांगली असेल, तर कोपऱ्यातील खटका सरकवून छिद्र उघडे ठेवा, म्हणजे चुकून काही पुसले जाणार नाही. विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का?’ विचारले, तर उत्तर ‘नाही’च.

फाइल उघडली, पण मराठी दिसत नाही?

घाबरू नका, डिलीटही करू नका. त्या काळी मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप होत असे. तो फॉन्ट संगणकात नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मूळ फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. नंतर जोडाक्षरे एकदा तपासा.

कॉपी झाल्यावर

दोन प्रती ठेवा. एक हार्ड डिस्कवर, दुसरी क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा घसरतो. मूळ डिस्क टाकू नका. ती कव्हरमध्ये उभी आणि सावलीत ठेवा. आणि हे काम पुढच्या उन्हाळ्याआधी उरका.