संगणकीय दप्तरांतील फाईलींचा एकत्र नाश

दप्तरांतील निरुपयोगी कागद काढून टाकणें हें काम जुनेंच आहे. परंतु तें संगणकाच्या आज्ञेनें होऊं लागल्यापासून त्याचें स्वरूप बदललें. रुमाल सोडून कागद हातीं घेणाऱ्या कारकुनाची नजर निदान एकदां तरी कागदावरून फिरे. आज्ञेस नजर नाहीं. जें स्थान व जी कसोटी तीस सांगावी, त्याप्रमाणें ती लक्षावधि फाईली न विचारतां पुसते.

युनिक्स ही संगणक-प्रणाली १९६९ पासून अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झाली. तींत ‘आरएम’ या आज्ञेनें प्रथम यादींतील फाईलीचें नांव खोडलें जातें. त्याच फाईलीस दुसरें नांव असल्यास मजकूर राहतो; शेवटचें नांव गेलें म्हणजे ती जागा मोकळी समजून तेथें नवा मजकूर लिहिला जाऊं शकतो. म्हणून पुसलेली फाईल परत मिळेल असा भरंवसा धरतां येत नाहीं. अनेक फाईली निवडण्यास ‘फाइंड’ ही आज्ञा योजितात. अमुक दिवसांहून जुन्या तेवढ्या पुसाव्या, असें तीस सांगतां येतें.

यांतील धोका जपानांतील क्योतो विश्वविद्यालयाच्या प्रकरणांत स्पष्ट दिसतो. तेथील महासंगणकावर फाईलींच्या नकला ठेवणारी एक आज्ञावलि होती. कामकाजाच्या नोंदींच्या दहा दिवसांहून जुन्या फाईली पुसणें हेंहि तिचें काम. ती चालू असतांनाच तिच्या जागीं सुधारलेली आज्ञावलि ठेवण्यांत आली. आज्ञा वाचून पार पाडणारा ‘बॅश’ हा दुभाषी लेख थोडा थोडा वाचतो. त्यामुळें तो मध्येंच नव्या लेखावर गेला, आणि कोठें पुसावयाचें तें दाखविणारें पद कोरेंच राहिलें. नोंदींऐवजीं संशोधकांच्याच फाईली पुसल्या गेल्या. १४ ते १६ डिसेंबर २०२१ या अवधींत सुमारें ३ कोटि ४० लक्ष फाईली, म्हणजे ७७ टेराबाइट सामग्री, नाहींशी झाली. बाधित १४ संशोधक-गटांपैकीं ४ गटांच्या फाईली नकलेवरून पूर्ववत् करतां आल्या नाहींत.

यावरून कांहीं नियम निघतात. पुसण्यापूर्वीं त्याच कसोटीनें केवळ यादी काढून ती वाचावी. स्थान कोरें आढळल्यास काम तेथेंच थांबेल, अशी योजना आज्ञावलींत असावी. एक नक्कल त्या आज्ञेच्या आवाक्याबाहेर ठेवावी, व पुसलेल्या फाईलींची यादी तिच्याबरोबर जपावी.

जुनीं दप्तरें आतां छायाचित्ररूपानें संगणकांत येत आहेत. मूळ कागद जीर्ण होतील तेव्हां हीं चित्रेंच साधन ठरतील. म्हणून हा विषय इतिहाससंशोधकांस परका नाहीं. यादी राहिली तर काय गेलें हें तरी कळतें. यादीहि गेली, तर कागद होता हेंच पुढील अभ्यासकास कळणार नाहीं.