बंदुकीचा वाद आणि व्हिडिओचा वेग

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ रोजी एका बंदूकधाऱ्याने दोन मशिदींत ५१ जणांचे प्राण घेतले आणि हल्ल्याचा १७ मिनिटांचा भाग फेसबुकवर लाइव्ह दाखवला. फेसबुकने नंतर दिलेल्या हिशेबानुसार तो लाइव्ह पाहणारे दोनशेही नव्हते, आणि व्हिडिओ काढून टाकेपर्यंत तो सुमारे ४ हजार वेळा पाहिला गेला होता. पुढच्या २४ तासांत मात्र कंपनीला जगभरातून त्याच्या १५ लाख प्रती हटवाव्या लागल्या. हल्लेखोराला हवा असलेला प्रेक्षक त्याला मिळवून दिला तो या प्रतींनी. त्यानंतर महिनाभरातच, १० एप्रिलला, न्यूझीलंडच्या संसदेने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. शिकार करणारे, शेतात बंदूक बाळगणारे, घाईवर आक्षेप घेणारे असे अनेक जण त्यावर चिडून बोलत होते. तो राग लोकशाहीतला रास्त राग होता. बंदूक, गोळी असे शब्द हेरून पोस्ट उडवणारी यंत्रणा या माणसांना आणि खुन्याच्या चाहत्यांना एकाच दावणीला बांधते. म्हणून मॉडरेटरने मताला हात लावू नये. धमकी आणि मृतांच्या नातेवाइकांचा छळ यांना मात्र जागा नको, आणि हत्येच्या चित्रणाच्या प्रसाराचा वेग तर आवरायलाच हवा, असे माझे ठाम म्हणणे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात पोलिसाच्या गोळीने फिलँडो कॅस्टिल मरण पावला, ते जगाला कळले त्याच्या मैत्रिणीने गाडीतून केलेल्या फेसबुक लाइव्हमुळे. तो व्हिडिओ काही काळ गायब झाला; कंपनीने तांत्रिक बिघाडाचे कारण दिले. हिंसेचे प्रत्येक दृश्य पुसायचे ठरवले, तर अन्यायाचा पुरावाही पुसला जाईल. पण वेग आवरणे म्हणजे पुसणे नव्हे, आणि याचा दाखला आपल्याकडेच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराधांना ठार मारले. तशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असे केले, तेव्हा अशा मेसेजचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. कुणाचा मेसेज वाचला नाही, कुणाचे तोंड बंद केले नाही. खरा-खोटा पुरावा तपासणाऱ्या माणसाला हवा असतो तो वेळ यातूनच मिळतो.

मात्र एकाच कंपनीने वेग आवरून भागत नाही. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत दहा जणांना मारणाऱ्याने क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराकडून प्रेरणा घेतली होती. त्याचे लाइव्ह ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटने हिंसा सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत बंद केले. तरी त्याची एक प्रत दुसऱ्या साइटवर ३० लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. अशा व्हिडिओंच्या प्रती ओळखणारे डिजिटल ठसे बड्या कंपन्या आपसांत वाटून घेतात. छोट्या साइटनाही ते मिळायला हवेत आणि ते वापरणे त्यांच्यावर बंधनकारक हवे.